डोंगरातल्या नदीवर जाताना: पाणी वाचण्यापासून सुखरूप परतण्यापर्यंत

डोंगरातल्या नदीचं पाणलोट क्षेत्र लहान असतं आणि उतार तीव्र. वर पडलेला पाऊस ती फार वेळ धरून ठेवत नाही. काही तासांत, अरुंद घळीत तर काही मिनिटांत, तो खाली येतो. मैदानातल्या नदीच्या सवयी इथे म्हणूनच उपयोगाच्या नाहीत. जागा निवडताना, पाण्यात उतरताना, तंबू ठोकताना दरवेळी दोन प्रश्न विचारायचे: वरच्या अंगाला काय चाललंय? आणि पाय सुटला तर खालच्या अंगाला पाणी आपल्याला कुठे नेईल? पुढचं जवळजवळ सगळं या दोन प्रश्नांतूनच निघतं.

आधी नदीची जात ओळखा

निघण्यापूर्वी नकाशावर नदी उगमापर्यंत मागे मागे बघत जा. पाणी कशाचं आहे, हे कळलं की जायची वेळ आपोआप ठरते.

पावसावर वाहणारी नदी पावसाबरोबर चढते आणि उतरते. इथे अंदाज बघायचा तो सहलीच्या जागेचा नाही, उगमाकडच्या डोंगररांगेचा. तुमच्या डोक्यावर कडक ऊन असताना दहा-पंधरा किलोमीटर वर कोसळलेल्या पावसाचा लोंढा खाली येऊ शकतो. आदल्या दोन-तीन दिवसांत पाऊस झाला असेल तर जमीन आधीच भिजलेली असते आणि नवा पाऊस मुरत नाही, सरळ वाहून येतो. म्हणून आजच्या अंदाजाइतकंच कालचं आणि परवाचं हवामान महत्त्वाचं.

बर्फाच्या पाण्यावरच्या नदीचं घड्याळ वेगळं. रात्री वितळणं मंदावतं, त्यामुळे पहाटे पाणी सगळ्यात कमी असतं. दुपारी उशिरा ते संध्याकाळपर्यंत ते चढतं, आणि बर्फ जितकं दूर तितका हा चढ उशिरा पोहोचतो. लोक फसतात ते इथेच. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे जातात, दिवसभर फिरतात आणि परतताना तीच जागा मांडीपर्यंत भरलेली असते. पलीकडे जायचंच असेल तर परतीची वेळ आधी ठरवा, किंवा जवळ पूल कुठे आहे ते नकाशावर बघून ठेवा.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: वर धरण किंवा जलविद्युत प्रकल्प असलेली नदी. आभाळाशी तिचा संबंधच नसतो. वीजनिर्मिती सुरू झाली की कोरड्या दिवशीही पाणी एकदम वाढतं. अशा ठिकाणी पाणी कधी सोडतात याची चौकशी करा, काठावरचे इशाऱ्याचे फलक वाचा आणि भोंगा वाजला तर कारण शोधत न बसता वर चढा. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: पाऊस नसताना काठचे दगड पाण्यापासून बऱ्याच उंचीपर्यंत ओले दिसले, तर पाणी नुकतंच उतरलेलं आहे. म्हणजे ते पुन्हा चढणार.

सोबत काय घ्यायचं

यादी लांबवण्यात अर्थ नाही, पण काही गोष्टींना पर्याय नाही.

पायात बंद बूट हवेत, पकड असलेले, भिजले तरी चालतील असे. चपला प्रवाहात निघून जातात आणि अनवाणी पाय शेवाळावर टिकत नाही. सुती कपडे, विशेषतः जीन्स, पाणी धरून ठेवतात आणि अंग गार करत राहतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घाला आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी आत न जाणाऱ्या पिशवीत, बांधून ठेवा. ड्राय बॅग नसेल तर दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या एकात एक घालून तोंड पिळून बांधली तरी काम होतं.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात किंवा जॅकेटला हवी, सॅकच्या तळाशी नको. खळाळाच्या आवाजात माणसाची हाक वीस मीटरवरही ऐकू जात नाही. पंधरा ते वीस मीटर तरंगती दोरी भरलेली थ्रो बॅग, खांद्याएवढी मजबूत काठी, हेडटॉर्च, प्रथमोपचाराचा संच आणि कागदी नकाशा घ्या. खोल दऱ्यांत फोनला नेटवर्क नसतं, तेव्हा नकाशा आधीच उतरवलेला हवा. कुठे जाणार, कोणत्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत परतल्याचा निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा, हे घरच्या एका माणसाला लिहून द्या. "संध्याकाळपर्यंत येऊ" हा निरोप नव्हे.

डुंबण्यापलीकडे काही करायचं असेल तर लाइफ जॅकेट हवंच. ते वजनानुसार निवडा, सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे किंवा सैल आहे. पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल.

पोहोचल्यावर लगेच पाण्यात जाऊ नका

पहिली पंधरा मिनिटं काठावर घालवा. याला कंटाळणारे बरेच असतात, पण संपूर्ण दिवसातली सगळ्यात कामाची पंधरा मिनिटं हीच.

सुरुवात खालच्या अंगापासून करा. जिथे उतरायचं आहे तिथून शंभर-दोनशे मीटर काठाने खाली चालत जा. खाली शांत डोह आणि उथळ गोट्यांचा काठ असेल तर पाय सुटलेला माणूस बाहेर येऊ शकतो. खाली धबधबा, अरुंद घळ, बंधारा किंवा पात्रात पडलेलं झाड असेल तर ती जागा सोडा, वरचं पाणी कितीही गोड दिसलं तरी.

पडलेल्या झाडाबद्दल थोडं सविस्तर. फांद्यांच्या जाळीतून पाणी आरपार जातं, माणूस जात नाही. प्रवाह त्याला दाबून धरतो आणि मागून सतत नवं पाणी येत राहतं. खडकावर आदळलेलं पाणी निदान बाजूला उसळून वळतं आणि माणसालाही थोडं बाजूला ढकलतं. जाळीत ते होत नाही. ठेंगण्या बंधाऱ्याचा सापळा वेगळा. वरून तो निरुपद्रवी पायरीसारखा दिसतो, पण खाली पडलेलं पाणी उलटं फिरून परत बंधाऱ्याकडेच ओढतं. शिवाय ते फेसाळ, हवा भरलेलं पाणी असतं, त्यात अंग नीट तरंगत नाही. बंधाऱ्याच्या वरही जाऊ नका आणि पायथ्याशीही जाऊ नका.

आता पृष्ठभाग वाचा. दोन दगडांमधून खालच्या अंगाला टोक करून पाण्याची गुळगुळीत जीभ जात असेल तर तिथे मोकळी, खोल वाट आहे. टोक वरच्या अंगाला असेल तर त्या टोकाशी दगड आहे, दिसो वा न दिसो. गुळगुळीत फुगवटा आणि त्यामागे पांढरा फेस म्हणजे पाण्याखाली खडक. मोठ्या दगडाच्या खालच्या बाजूला पाणी संथ असतं, कधी उलट वरच्या अंगाला फिरतं. दम घ्यायला ही जागा चांगली, पण तिची कड ओलांडताना प्रवाह एकदम दिशा बदलतो आणि माणूस आडवा होतो. वळणावर बाहेरच्या काठाशी पाणी खोल आणि वेगवान असतं, आतल्या काठाशी उथळ. काठ खालून पोखरलेला असतो तोही बाहेरचाच.

वेग मोजणं सोपं आहे. काठाने दहा मीटर अंतर पावलांनी मोजा, वरच्या टोकाला काटकी टाका आणि सेकंद मोजा. दहा सेकंद लागले तर वेग सेकंदाला एक मीटर. हा आकडा पाण्याच्या मीटरमधल्या खोलीने गुणा. उत्तर ०.४ च्या वर गेलं तर मुलांना त्यात उभं करू नका. ०.६ च्या वर धडधाकट मोठ्या माणसांनीही उतरू नये. म्हणजे अर्धा मीटर खोल पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल तर मोठ्यांना जमेल, मुलांना नाही. तेच पाणी दोन मीटरने धावत असेल तर उत्तर एक येतं आणि कुणीच उतरायचं नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. गुडघ्याएवढं पाणी माणसाला पाडतं ते यामुळेच. पृष्ठभागाचा वेग आतल्या सरासरी वेगापेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळे हा हिशेब जरा कडक निघतो. निघू द्या.

शेवटी पाण्याच्या कडेला ओळखू येईल असा एक दगड निवडा आणि दर पंधरा मिनिटांनी त्याच्याकडे बघा.

पाणी चढत असल्याच्या खुणा

निवळ पाणी गढूळ होणं, काटक्या-पालापाचोळा आणि फेस वाहून येणं, खळाळाचा सूर जड होणं, वरून दगड घरंगळल्यासारखा दबका आवाज, खुणेचा दगड बुडणं. यातली एकही गोष्ट दिसली की सगळ्यांना बाहेर काढा. उलटी खूणही तितकीच वाईट आहे: कारण नसताना पाणी अचानक कमी झालं, तर वर दरड किंवा झाडांचा अडसर पडून पाणी तुंबलेलं असू शकतं, आणि तो फुटला की सगळं एकदम येतं.

पळायचं ते काठाने खाली नव्हे, पात्रापासून बाजूला आणि उंचावर. सामान गोळा करण्यात वेळ घालवू नका. नदीच्या मधल्या बेटावर किंवा मोठ्या खडकावर बसून फोटो काढणाऱ्यांची अडचण अशी की त्यांची परतीची उथळ वाट आधी बुडते आणि खडक नंतर. अशी जागा बसायला निवडूच नका.

पाण्यात उतरताना

पाणी पंधरा अंशांपेक्षा गार असेल तर एकदम उडी मारल्यावर श्वास आपोआप खेचला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पाणी आत जातं. पट्टीचा पोहणाराही अशाने बुडतो, कारण इथे पोहण्याच्या कौशल्याचा प्रश्नच येत नाही. हळूहळू उतरा. मान, चेहरा, छातीवर पाणी घ्या, श्वास ताळ्यावर येऊ द्या आणि मगच पुढे जा. चुकून पडलात तर पहिलं मिनिट फक्त तरंगत श्वास सांभाळा. अगदी बर्फगार पाण्यात त्यानंतर हातापायांची कामाची ताकद साधारण दहाच मिनिटं टिकते. बाहेर यायचं ते त्या दहा मिनिटांत. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता खेचतं, तेव्हा ओठ निळे पडायची वाट बघत बसू नका.

खोलीच्या अंदाजावर भरवसा नको. सरळ वरून बघितलं तरी पाणी असतं त्याच्या पाऊणपटच खोल दिसतं, तिरकं बघितलं तर आणखी उथळ. खडकाळ पात्रात रांजणखळगे असतात, एका पावलावर गुडघाभर आणि पुढच्यावर पुरुषभर. डोहात सूर मारायचा मोह होत असेल तर आधी पायाने चाचपत संपूर्ण तळ तपासा. मागच्या वर्षी मोकळा असलेला डोह यंदाही मोकळा असेल असं नाही, कारण एका पुरात मोठमोठे दगड आणि ओंडके जागा बदलतात. खरं तर डोक्याकडून सूर नकोच. दारू प्यायल्यावर पाण्यात उतरायचं नाही, हे सांगावं लागू नये पण सांगावं लागतं.

लहान मुलांसाठी नियम एकच: हाताच्या अंतरावर एक मोठा माणूस, ज्याच्या हातात फोन नाही. सगळेच लक्ष ठेवतात तेव्हा कुणीच ठेवत नाही, म्हणून नाव घेऊन पाळी लावा. बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होतं आणि ते गप्प असतं.

नदी ओलांडायची झाली तर

पहिला पर्याय म्हणजे न ओलांडणं. दुसरा, पूल. तिसरा, पहाटेपर्यंत थांबणं. हे तिन्ही नसतील तरच पुढचं वाचा.

जागा रुंद निवडा. अरुंद जागी अंतर कमी म्हणून लोक तिकडे वळतात, पण तेवढंच पाणी अरुंदात खोल आणि वेगवान होऊन जातं. नदी दोन-तीन फाट्यांत विभागली असेल तर तिथे ओलांडणं सगळ्यात सोपं. तळ दिसत नसेल, दगड गडगडत असल्याचा आवाज येत असेल किंवा पाणी मांडीच्या वर जाणार असेल तर माघार.

बूट काढू नका. पॅन्ट फडफडणारी असेल तर दुमडा किंवा काढा, कारण पाण्याला धरायला तेवढं कापडही पुरतं. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, खांद्याचे सैल करा, म्हणजे पडलात तर ती झटक्यात उतरवता येईल. तोंड वरच्या अंगाला करा, काठी समोर पाण्यात रोवा आणि तिच्यावर भार द्या. तीनपैकी दोन टेकू कायम जमिनीवर हवेत: आधी काठी हलवा, मग एक पाय, मग दुसरा. पाय उचलून टाकू नका, तळाला घासत सरकवा आणि एकावर एक ओलांडू नका. दिशा किंचित खालच्या अंगाला तिरकी ठेवा. नजर पलीकडच्या काठावर ठेवा. खाली पळणाऱ्या पाण्यावर ठेवली तर भोवळ येते.

तिघं-चौघं असाल तर प्रवाहाच्या रेषेत, एकामागे एक उभे राहा. सगळ्यात दणकट माणूस वरच्या टोकाला, हलकी माणसं त्याच्या आडोशाला, प्रत्येकाने पुढच्याचे खांदे किंवा सॅकचे पट्टे धरायचे. एकाने मोठ्याने सांगायचं आणि सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं. कुणाच्याही अंगाला दोरी बांधू नका. पाय सुटला की ताणलेली दोरी माणसाला पाण्याखाली खेचते आणि ती गाठ तिथे सुटत नाही.

वाहून जायची वेळ आली तर

उठून उभं राहायचा प्रयत्न करू नका. वेगवान पाण्यात पाय दोन दगडांत अडकला की प्रवाह शरीर पुढे दुमडतो आणि डोकं पाण्याखाली जातं, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा. पाठीवर व्हा, पाय खालच्या अंगाला, बोटं पाण्यावर दिसतील इतके वर. दगड पायांनी झेला, हातांनी पाणी मारत तिरके काठाकडे सरका. संथ पाणी दिसलं की पालथे होऊन जोरात पोहा आणि पोट तळाला टेकेपर्यंत उभे राहू नका. सॅक सोडून द्या. एकच अपवाद पडलेल्या झाडाचा. ते चुकवता येणारच नसेल तर पालथे व्हा, डोकं पुढे करून त्याच्याकडे जोरात पोहत जा आणि शेवटच्या क्षणी हातांनी खोडावर चढा. पाय पुढे ठेवून गेलात तर खाली ओढले जाल.

दुसरा कुणी वाहत असेल तर क्रम ठरलेला: हाक मारा, काठी पुढे करा, दोरी फेका. मागे उडी मारू नका, अशाने बुडणारे दोन होतात. दोरी फेकताना थोडी मोकळी करून टोक हातात धरा, मनगटाला गुंडाळू नका, आणि पिशवी त्या माणसाच्या पलीकडे जाईल अशी फेका, म्हणजे दोरी त्याच्या छातीवर पडते. त्याने पाठीवर होऊन दोरी खांद्यावरून घ्यायची. तुम्ही बसून पाय रोवले की प्रवाहच त्याला काठाला आणतो.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग तीस वेळा छाती दाबणं आणि दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत सुरू ठेवा. पोट दाबून पाणी काढायच्या फंदात पडू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. गारठलेल्या माणसाचे ओले कपडे काढा, आडवं करून कोरड्यात गुंडाळा, शुद्ध असेल तर गरम गोड पेय द्या. हातपाय चोळू नका.

पिणं, शौच, मुक्काम

निवळ दिसलं म्हणून पाणी पिण्याजोगं होत नाही. वर मेलेलं जनावर असू शकतं. खदखदून एक मिनिट उकळा, २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. जुलाब लावणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी क्लोरीनच्या गोळ्यांना दाद देत नाही, म्हणून उकळणं हाच भरवशाचा उपाय. शौचाला पाण्यापासून निदान साठ मीटर दूर जा, पंधरा-वीस सेंटिमीटर खड्डा खणा आणि नंतर बुजवा. भांडी आणि अंग नदीत साबण लावून धुऊ नका, पाणी बाजूला नेऊन धुवा.

तंबूही साठ मीटर दूरच, आणि उंचीवर. झुडपांत अडकलेला वाळका पाला मागच्या पुराची रेघ दाखवतो. तंबू तिच्या चांगलाच वर हवा. पात्रातली मऊ वाळू झोपायला सुरेख असते, पण ती तिथे पुरानेच आणून टाकलेली आहे.

राफ्टिंग करायचं असेल तर

वेगवान पाण्याची आंतरराष्ट्रीय श्रेणी एक (सगळ्यात सोपं) ते सहा (सगळ्यात धोक्याचं) अशी आहे. अनुभव नसेल तर तीनपर्यंतच थांबा. ही श्रेणी पाण्याच्या पातळीनुसार बदलते, म्हणून "आज किती आहे" असं विचारा. शिरस्त्राण प्रत्येकाला आहे का, सोबत सुरक्षेसाठी दुसरी नाव किंवा कयाक आहे का, निघण्यापूर्वी नावेतून पडल्यावर काय करायचं ते करून दाखवतात का, हे बघा. तिन्हींपैकी एका प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पैसे परत मागा.

परतल्यावर

ज्याला निरोप देऊन निघालात त्याला आधी कळवा, नाहीतर विनाकारण शोध सुरू होतो. मग बूट, दोरी, जॅकेट यांवरचा चिखल आणि शेवाळ काढा, साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावर आणखी दोन दिवस वाळू द्या. एका नदीतली सूक्ष्म वनस्पती ओल्या बुटावरून दुसरीत जाते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ मध्ये आढळलेलं डिडिमो हे शेवाळ अशा ओल्या सामानावरूनच पसरू नये, म्हणून तिथे सामान धुऊन वाळवण्याचा आग्रह धरला जातो. बुटांचे तळ फेल्टचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखे, असतील तर जास्तच काळजी घ्या, ते आतून लवकर वाळत नाहीत.